चालण्याचा रियाज

उर्दूच्या तासाला काही शब्द असे येतात की त्यांचा अर्थ सांगता सांगता घंटा होते. 'फालिज' हा त्यातलाच एक. अरबीत या शब्दाच्या मुळाशी चिरणे, दोन भाग होणे असा अर्थ आहे. शरीराची एक उभी बाजू लुळी पडली की माणूस जणू मधोमध चिरला जातो, म्हणून फालिज. मराठीत त्यालाच अर्धांगवायू म्हणतात, म्हणजे पुन्हा अर्धे अंगच. घरात आपण सर्रास 'लकवा मारला' म्हणतो, पण जुन्या युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त चेहरा वाकडा होणे आणि फालिज म्हणजे अर्धे अंग जाणे, असा स्पष्ट भेद आहे.

दुसरा शब्द 'रियाज'. मराठीत तो गवयाच्या घरी राहतो. अरबीत त्याच घराण्यातला 'रियाजत' हा शब्द व्यायामासाठीही वापरतात. हजार वर्षांपूर्वीच्या इब्ने सीना यांच्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात व्यायामाचा विचार केला आहे, तोही याच शब्दाने. रोज, न कंटाळता, उस्तादाच्या नजरेखाली तेच तेच पुन्हा करणे म्हणजे रियाज.

हे दोन शब्द आज एकत्र आणले, त्याला कारण आहे. फालिज झालेला माणूस पुन्हा चालू लागतो तो रियाजाने. आपल्या घरांत अशा माणसाची खिदमत भरपूर होते, रियाज मात्र फार थोडा होतो. आणि काही वेळा खिदमतच रियाजाच्या आड येते. या महिन्यात त्याविषयी बोलू.

बिघडते काय?

अंगावरून वारे गेले म्हणजे हातापायाचे काहीतरी बिघडले, असे आपल्याला वाटते. खरे तर पायाचे स्नायू, हाडे, सांधे त्या दिवशी जसेच्या तसे असतात. बिघाड मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते. त्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या पेशी मरू लागतात. मेंदूचा उजवा भाग डाव्या अंगाला हुकूम देतो आणि डावा भाग उजव्या अंगाला. म्हणून बिघाड एका बाजूला आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला दिसतो.

ही वेळ येईल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात वर राहीना, बोलणे अडखळू लागले, तर तेल लावत, फुंकर घालून घेत बसू नका. १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते द्यायचे की नाही हे मेंदूचा स्कॅन केल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे स्कॅनची सोय असलेलेच रुग्णालय गाठायचे.

आता पुढची गोष्ट. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण त्यांच्या आजूबाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या पेशी थोडेथोडे त्यांचे काम शिकून घेऊ शकतात. मेंदूचा हा गुण आपण शिक्षक रोज वर्गात पाहतो. पहिलीतले मूल 'अलिफ' काढते तेव्हा रेघ भलतीकडेच जाते. शंभर वेळा काढल्यावर ती सरळ येते. हाताचे स्नायू तेच असतात, मेंदूत वाट पडलेली असते. फालिजनंतर चालणे शिकताना हेच घडते. सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या तीनेक महिन्यांत होते, म्हणून ते दिवस वाया घालवायचे नाहीत. त्यानंतरही ती थांबत नाही, फक्त तिचा वेग कमी होतो. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

मेंदूचा आणखी एक नियम आहे. तो जे करतो तेच शिकतो. पलंगावर पडून पाय वरखाली केल्याने पलंगावर पाय हलवणे सुधारते. ती पहिली पायरी म्हणून चांगलीच आहे. पण चालायला यावे असे वाटत असेल तर शेवटी चालावे लागते. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहत नाही.

न वापरण्याची सवय

एडवर्ड टाऊब नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांवर काही प्रयोग केले होते. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या की ते त्या हाताचा वापर बंद करी. त्या हाताला हालचाल शक्य होती, तरीही. टाऊब यांनी त्याचा चांगला हात बांधून ठेवला. दुसरा मार्गच न उरल्याने माकड तो 'निकामी' हात वापरू लागले. म्हणजे हात नुसता दुबळा झाला नव्हता. सुरुवातीला प्रयत्न फसले, त्यामुळे माकडाने तो न वापरायचे शिकून घेतले होते. यातूनच पुढे फालिजच्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती तयार झाली. तिच्यात चांगल्या हाताला हातमोजा घालून किंवा तो बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेतात. ज्यांच्या दुबळ्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक आहे त्यांना तिचा उपयोग होतो.

पाय असा बांधता येत नाही, कारण चालायला दोन्ही पाय लागतात. पण सवय तीच लागते. रुग्ण सगळे वजन चांगल्या पायावर टाकतो, उभा राहतो तो एकाच पायावर, आणि दुबळा पाय बाजूने अर्धगोल फिरवत ओढत आणतो. महिना-दोन महिने असेच गेले की मेंदू हीच चाल पक्की करतो. चुकीचे पाठांतर मोडून पुन्हा शिकवायला किती त्रास पडतो, ते मदरशात किंवा शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून पहिला धडा नीट हवा आणि तो योग्य माणसाकडून हवा.

खिदमत कोणती?

आमच्या शेजारच्या गल्लीत एक खाला राहतात. साठी ओलांडलेल्या. त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. घर मायेचे आहे. दोन सुना, एक मुलगी, कोणी कशात कमी पडले नाही. भरवणे, पुसणे, कपडे बदलणे, भांडे देणे, सारे पलंगावरच. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणे, माशाअल्लाह, औलाद असावी तर अशी. चार महिन्यांनी मी भेटायला गेले तेव्हा सुना स्वयंपाकघरात होत्या. खाला हळूच म्हणाल्या, "सब करते बेटी, कोई कमी नहीं. पन रात को उठाना पड़ता ना उनको. इसलिए मगरिब के बाद मैं पानीच नहीं पीती."

चार महिने त्या बाई तहान मारत होत्या. घरच्यांना याचा पत्ताही नव्हता, कारण त्यांनी मागितलेले सगळे मिळत होते. त्यांना हवे होते ते एवढेच, की रात्री कोणाला न उठवता दहा पावले चालत जाता यावे.

पुढे मुलीने खटपट करून फिजिओथेरपिस्ट बाई शोधल्या. त्या आठवड्यातून दोनदा घरी येत आणि बाकीच्या दिवसांचा अभ्यास वहीत लिहून देत. पहिले काही दिवस खाला चिडल्या, रडल्या, 'मेरे को तकलीफ देते' म्हणाल्या. थोरल्या सुनेला वाटले की आपण सासूवर जुलूम करतो आहोत. दीड महिन्याने त्या पलंगाच्या कडेवरून स्वतः उठू लागल्या. आणखी काही महिन्यांनी काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्या. सून अजूनही मागे उभी राहते, पण हात लावत नाही. खाला आता रात्री पाणी पितात.

मला यातून एकच सांगायचे आहे. आजारी माणसासाठी सगळे करून टाकणे सोपे असते आणि त्यात लवकर उरकतेही. तो स्वतः उठेपर्यंत शेजारी थांबणे कठीण असते. त्याला कुडत्याची एक बाही घालायला पाच मिनिटे लागत असतील तर ती पाच मिनिटे देणे ही मोठी खिदमत आहे. ही खिदमत एकट्या सुनेच्या वाट्याला टाकू नका. मुलगा, नातू, जावई, सगळ्यांनी वाटून घ्यावी. शाळेतून आलेल्या नातवाने आजोबांबरोबर अंगणात चार फेऱ्या माराव्यात. दोघांनाही बरे वाटेल.

आणखी एक बोलायला हवे. अब्बांना फालिज झाला तर आपण मोठ्या शहरात नेतो, कर्ज काढतो, मशीन शोधतो. तेच अम्मींना झाले तर काही घरांत 'आता वयच झाले त्यांचे' असे म्हणून पलंग खिडकीपाशी सरकवला जातो. अम्मीही तोंडाने काही मागत नाहीत. परक्या पुरुषाकडून व्यायाम करून घ्यायला त्या संकोचतात, हे खरे. पण या क्षेत्रात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. स्त्री फिजिओथेरपिस्ट हवी असे रुग्णालयात सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही.

मालिश, कबूतर आणि मशीन

फालिज म्हटले की सल्ले येतात. अमुक तेलाने मालिश करा. तमुक गावात जाऊन या. कबुतराचे रक्त चोळा. कबुतराच्या रक्ताने मेंदूतली वाट उघडत नाही, त्यात त्या बिचाऱ्या जीवाचा जीव जातो आणि आपले पहिले मोलाचे आठवडे जातात. हलक्या हाताची मालिश बरी वाटते आणि त्यानिमित्ताने अंगाला मायेचा हात लागतो. ती जरूर करा, पण तिला उपचार समजू नका. मालिश होत असताना रुग्ण पडून असतो आणि मेहनत दुसऱ्याचे हात करतात. रियाज असा दुसऱ्याने करून भागत नाही.

दुसऱ्या टोकाला महागड्या मशीनचे आकर्षण आहे. सरकत्या पट्ट्यावर रुग्णाला वरून पट्ट्यांनी अर्धवट उचलून धरतात आणि चालवतात. या पद्धतीची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ४०८ रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना हे मशीन दिले, तर काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेत आणि ते हळूहळू वाढवत. वर्षाअखेरीस सर्व रुग्णांपैकी ५२ टक्क्यांची चालण्याची पातळी वर गेली होती आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मशीन वाईट नाही. पण ते परवडत नाही म्हणून आपल्या माणसाचे नशीबच फुटले, असे कोणी समजू नये.

मग घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या की झाले का? तसेही नाही. ही परीक्षा आपल्याच देशात झाली. १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला रुग्णालयात थोडे प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करून घ्यायला सांगितले, निम्म्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते, ४७ टक्के.

या दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहा. पहिलीत घर होते आणि उस्तादही होता, जो पुन्हा पुन्हा येत होता, धडा तपासत होता, पुढचा धडा देत होता. दुसरीत घर होते, माया होती, पण उस्ताद सुरुवातीपुरताच भेटला. मला शिक्षक म्हणून यात नवल वाटत नाही. जूनमध्ये तीन दिवस शिकवून 'बाकी पालकांनी घ्यावे' असे म्हटले तर मार्चमध्ये काय निकाल लागेल? म्हणून परवडेल तितक्या वेळा, आठवड्यातून एकदा का होईना, फिजिओथेरपिस्टची नजर हवी. त्यांची नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे.

उस्ताद असला तरी रियाज घरी लागतोच. अमेरिका आणि कॅनडातल्या काही केंद्रांत संशोधकांनी फालिजच्या रुग्णांच्या उपचाराची ३१२ सत्रे शेजारी बसून मोजली. २००९ मधली ही गोष्ट. चालण्याचा सराव घेतला त्या सत्रांत रुग्ण सरासरी ३५७ पावले चालला. आपण बाजारात जाऊन येतो तेव्हा याच्या कितीतरी पट पावले टाकतो. इतक्याने मेंदूत वाट पडत नाही. उरलेली पावले घरीच टाकायची असतात.

घरचा अभ्यास

खाली लिहिलेले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. कधी सुरू करायचे हेही त्यांनीच ठरवावे. घाई नडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २१०४ रुग्ण होते. झटका आल्यापासून पहिल्या २४ तासांतच ज्यांना जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवून चालवण्याचा प्रयत्न केला, त्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी चांगली निघाली.

पहिला धडा उठण्याचा. भक्कम, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. खुर्ची थोडी उंच असेल तर उठणे सोपे जाते. दोन्ही पावले जमिनीवर सपाट आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे असाव्यात. आधी पुढे वाकायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके, आणि मग उठायचे. दोन्ही पायांवर सारखे वजन यायला हवे. बसतानाही धपकन पडायचे नाही, सावकाश बसायचे. दिवसातून तीन-चार वेळा, झेपेल तितके. जे खुर्चीवर बसून नमाज पढतात त्यांनी हे कसब फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवावे. कियामसाठी उभे राहता येईल का, किती वेळ, आधार कुठे हवा, हे तिथेच ठरवता येते.

दुसरा धडा वजन पेलण्याचा. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून उभे राहायचे आणि वजन सावकाश दुबळ्या पायावर न्यायचे, परत आणायचे. हे जमले की चांगला पाय एक पाऊल पुढे टाकायचा आणि मागे घ्यायचा. चांगला पाय उचलला की दुबळ्याला शरीर पेलावेच लागते. खरा व्यायाम तोच.

तिसरा धडा चालण्याचा. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूला उभे राहावे. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो मागून धरावा. दुबळा हात धरून ओढू नये, काखेत हात घालून उचलू नये. फालिजनंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढले की खांदा निखळू लागतो आणि मग ते दुखणे महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. काठी चांगल्या हातात धरायची. पुष्कळजण ती दुबळ्या बाजूला देतात, ते चूक आहे. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुबळा पाय खाली.

पाऊल लोंबत असेल आणि बोटे जमिनीला घासत असतील तर पावलाला लावायचा प्लॅस्टिकचा आधार मिळतो. तो मापाचा घ्यावा. सपाता आणि अंगठ्याच्या चपला बंद करा, मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरा. वाटेतले गालिचे, चटया, वायरी उचला. न्हाणीघरात आणि वुजूच्या जागी भिंतीला पक्की दांडी बसवा आणि फरशी कोरडी ठेवा. वुजू खुर्चीवर बसून करावा. जमिनीवर बसायच्या संडासाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची ठेवा. रात्री वाटेवर दिवा राहू द्या. फालिज झालेल्याला पडण्याची भीती वाटते आणि ती खरी असते. पडायच्या जागा कमी केल्या की भीतीही ओसरते.

छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली, पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. अचानक नवा लुळेपणा आला तर पुन्हा थेट १०८.

प्रगतीपुस्तक

रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. घरात वाढणारे मूल आपल्याला उंच झालेले दिसत नाही, पाहुण्याला दिसते. म्हणून मोजा. गल्लीत, गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात टेपने १० मीटर मोजून दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या दोन मीटर आधीपासून रुग्णाला चालू द्या आणि दुसऱ्या खुणेच्या दोन मीटर पुढे जाऊ द्या. मधल्या १० मीटरला किती सेकंद लागले ते मोबाइलवर पाहा. काठी असेल तर काठीसह, पण प्रत्येक वेळी त्याच आधाराने. फिजिओथेरपिस्टही असेच मोजतात.

ढोबळ हिशेब असा. २५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर माणसाचे चालणे सहसा घरापुरते राहते. २५ ते साडेबारा सेकंद लागत असतील तर थोडेफार बाहेर जाता येते. साडेबारा सेकंदांच्या आत आला तर दुकान, मशीद, नातेवाइकांचे घर बहुधा आवाक्यात येते. तारीख टाकून वहीत लिहा. चाळीसचे छत्तीस सेकंद झाले की रुग्णालाच ते वाचायला द्या. मुलाला गुणपत्रिका मिळते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते आठवा. सत्तरीच्या माणसाचाही तसाच होतो.

कंपवात असेल तर

चालणे बिघडवणारा दुसरा नेहमीचा आजार म्हणजे कंपवात. इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सन म्हणतात. इथे अंग लुळे पडत नाही. आपण विचार न करता चालतो ती आपोआप चालण्याची सोय हळूहळू बंद पडते. पावले आखूड होतात, पाय घासत जातात. दाराच्या उंबऱ्याशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरचे ओढतात, 'चला ना' म्हणून घाई करतात आणि मग तोल जातो.

अशा वेळी ओढू नका. आपोआप होत नाही ते डोळ्यांच्या आणि कानांच्या मदतीने करून घेता येते. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एका पावलाच्या अंतराने. जिथे पाय अडकतात तिथे, दारापाशी, जरूर मारा. रेघ ओलांडायची म्हटले की पुष्कळदा पाय सुटतो. 'एक-दोन, एक-दोन' असे तालात मोजूनही उपयोग होतो. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरू नये, मोठा वळसा घ्यावा. चहाचा कप हातात घेऊन बोलत बोलत चालू नये, एका वेळी एकच काम. गोळ्यांचा असर असतो त्या वेळात व्यायाम करावा. इथेही रियाज रोजचाच लागतो.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, प्रत्येकजण पहिल्यासारखा चालेल असे वचन कोणी देऊ शकत नाही. कोणाच्या मेंदूला किती इजा झाली ते वेगवेगळे असते. काहीजण धावत बस पकडतील, काहीजण पलंगापासून खुर्चीपर्यंतच पोहोचतील. पण पलंगापासून खुर्चीपर्यंतचे ते अंतरही त्या माणसासाठी मोठे असते. त्यात त्याची आब असते.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कोणी पलंगावर असेल तर या आठवड्यात भेटायला जा. फळे न्या, दुआ करा. आणि घरच्यांना दोन प्रश्न विचारा. फिजिओथेरपिस्टनी शेवटचे कधी पाहिले? आणि आज ते किती पावले चालले?